लडकूची डावीकडं जाणारी जीप

जीप डावीकडं जायची आणि वास लडकूच्या तोंडाचा घेतला जायचा.

एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गणेशपुरीच्या अलीकडं एका गावात लडकू राहायचा आणि पंढरीनाथ शेटची जीप चालवायचा. गाव ते भिवंडी, दिवसाला तीन फेऱ्या. जीप नऊ शिटांची, बसायची सतरा. लडकूचा निम्मा कुल्ला शिटावर, निम्मा वाऱ्यावर, तरी आठ वर्षांत त्यानं कुणाची कोंबडीसुद्धा चिरडली नव्हती. पण पहिली पाच वर्षं तो प्यायचा. मग एका दिवशी सोडली. कुणाच्या पाया पडून नाही, शपथ घेऊन नाही. पोटात जळजळ व्हायला लागली म्हणून सोडली. गावाला हे कारण पटलं नाही. देवाच्या भीतीनं सोडली असती तर गावानं मानलं असतं. पोटासाठी सोडलेली दारू पोट बरं झालं की परत येते, असं सगळे म्हणायचे आणि वाट बघायचे.

त्यात पंढरीशेटनं जीपची उंची वाढवली.

फाट्यापासून गावापर्यंत दोन मैल रस्ता नव्हताच, नुसते धोंडे. सतरा माणसं बसली की जीपचं पोट घासायचं. शेटनं भिवंडीच्या दामू मिस्त्रीकडं जीप टाकली आणि चार बोटं उंच करून घेतली. दामूनं चाकांवरच्या कमानींत, म्हणजे पोलादी पानांच्या स्प्रिंगांत, एकेक पान वाढवलं, कमान ज्या पट्ट्यांना लटकते त्या लांब केल्या. गाडी अशी उचलली की पुढचा एक्सल पुढं कलतो आणि स्टेअरिंग भरकटायला लागतं. ते सावरायला कमान आणि एक्सल यांच्या मध्ये दोन्हीकडं एकेक लोखंडी पाचर घालतात, जाड बाजू पुढं करून. दामू जुना मिस्त्री, त्याला हे ठाऊक होतं. त्यानं दोन्ही पाचरी घातल्या, नट आवळले आणि किल्ली लडकूच्या हातात दिली.

पोट घासायचं थांबलं. पण डांबरी रस्त्याला लागून गाडीनं चाळीसचा वेग घेतला की ती डावीकडं झुकायची. लडकू उजवीकडं ओढायचा, ती थोडी यायची, परत डावीकडं. बाजूला बसलेल्यांचे खांदे एकमेकांवर आपटायचे.

बायजाबाई भाजीच्या दोन पाट्या घेऊन रोज बाजारात जायची. पहिली तीच बोलली.

"काय रं लडकू, आजची हाय का कालची उतरली न्हाय?"

"आजी, गाडी वडते."

"आमच्या म्हाताऱ्यालापन सायकल वडायची. नेमकी गुत्त्याकडंच."

सतरा माणसं हसली. त्यातली चार दुसऱ्या दिवशी एसटीनं गेली.

घरी बायको, मैना, काही विचारायची नाही. चुलीपुढून उठायची, जवळ यायची आणि म्हणायची, "तोंड उघड."

"तीन वर्सं झाली गो मैना सोडून."

"मंग उघडायला काय जातं?"

तो उघडायचा. वास नसायचा. त्यानं तिचा संशय जायचा नाही, वाढायचा. वास घालवायला बडीशेप खाल्ली असेल, पेरूचा पाला चावला असेल. ती खिसे चाचपायची.

लडकूनं आधी टायरवर संशय घेतला. डावं टायर उजवीकडं, उजवं डावीकडं केलं. गाडी डावीकडंच. मग हवेवर घेतला. हवा मोजून भरली. डावीकडंच. मग एका सकाळी, घरात कुणी नसताना, त्यानं स्वतःवर घेतला. काठोकाठ पाणी भरलेला पेला तळहातावर ठेवून हात लांब केला आणि शंभरपर्यंत मोजलं. थेंब सांडला नाही. त्याला बरं वाटलं, आणि आपण हे करून बघितलं याची लाजही वाटली.

तो दामूकडं गेला.

"मिस्त्री, तुझ्या कामात खोट हाय."

दामूनं तोंडातला मावा एका गालात सरकवला. "भाय, पाणी वाहून जायला रस्ता कडेला उतरता करतात. आपन डाव्या अंगानं चालवतो, उतार डावीकडं, गाडी डावीकडं जानार. सीधी बात. एकवीस साल काम केलं मी. तू किती साल सुका आहेस?"

शेजारच्या कापडाच्या लूमवरचे दोघे कामगार दारात उभे होते, ते खो खो हसले. लडकू परत फिरला. पण उताराची गोष्ट डोक्यात राहिली. खरंच उतार असेल तर? आणि ते तपासायचं कसं?

सोपं होतं. उजव्या अंगानं चालवायची. तिथं उतार उजवीकडं.

शुक्रवारी सकाळी रिकामी जीप घेऊन तो अंबाडीच्या अलीकडच्या सरळ पट्ट्यावर गेला. समोरून काही येत नाही हे बघून गाडी उजव्या कडेला घेतली, चाळीसवर नेली आणि स्टेअरिंग सैल सोडलं. उतार उजवीकडं, तरी गाडी चढ चढून डावीकडं आली. दुसऱ्यांदा केलं, तेच. लडकू एकटाच मोठ्यानं म्हणाला, "मी न्हाय. गाडीच हाय."

पण बायजाबाई पाट्या घेऊन अंबाडी नाक्यावर एसटीसाठी उभी होती. तिनं बघितलं ते एवढंच: लडकू उजव्या अंगानं येतो, हात सोडतो, झोकांडी खातो, आणि मागं जाऊन परत तेच करतो. दहा वाजेपर्यंत भाजी बाजाराला कळलं, बारापर्यंत पंढरीशेटला.

"सोमवारी जानू ड्रायव्हर येतोय," शेट म्हणाला. "किल्ली त्याला दे. बायाबापड्या बसतात गाडीत. मी मर्डर अंगावर घेनार न्हाय."

"शेट, मी तपासत व्हतो..."

"सकाळी सातला, उलट्या अंगानं. काय तपासत व्हतास, हातभट्टी?"

ते ऐकून मैनानं शनिवारी बोचकं बांधलं. माहेर कशेळीला. भिवंडीपर्यंत एसटी, तिथून दुसरी. ती भांडली असती तर लडकूला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "पोरांची शाळा मे म्हैन्यात नसतेच."

लडकू तिच्या आधी जीप घेऊन निघाला आणि तिरमिरीत दामूच्या गल्लीत घुसला. दामू जेवायला गेला होता. गल्ली एवढी अरुंद की जीप एकाच जागी उभी राहायची, डावं अंग लूमच्या भिंतीला लागून. त्या भिंतीपाशी, डाव्या चाकाच्या अगदी पुढं, लूमवाल्यानं बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जाड रूळ, रचून ठेवले होते. कायमच ठेवायचा. लडकूनं गोणपाट अंथरलं आणि उजव्या अंगानं, पुढून, पाठीवर झोपून आत सरकला.

उजवी पाचर बोटानं चाचपली. जाड बाजू पुढं, म्हणजे त्याच्या पायांकडं. ठीक. मग इंजिनाखालून हात लांब करून डावी चाचपली. इथं पायांकडची बाजू पातळ. जाड बाजू डोक्याकडं.

त्यानं परत उजवी चाचपली. परत डावी. तेल डोळ्यात गेलं तरी हात काढला नाही.

दामू आला तेव्हा लडकू बाहेर बसला होता, पाना मांडीवर घेऊन. "झोप," तो म्हणाला.

"क्या हुआ?"

"झोप आनि हात लाव."

दामूचं पोट मोठं. तो कण्हत आत गेला. आतून पाचर चाचपल्याची खरखर आली. मग शिवी आली, ती स्वतःलाच होती. बाहेर आल्यावर त्यानं बीमांकडं बघितलं.

"ह्या बाजूला पुढनं घुसायला जागाच न्हाय," तो हळू म्हणाला. "त्या दिवशी मी मागनं घुसलो. जाड बाजू पायाकडं, आसं ध्यानात ठेवलेलं. तिकडं पाय पुढं होते, हिकडं मागं." त्यानं पटकन पाना मागितला. "दे. अर्ध्या तासात फिरवतो. गाडी सीधी, तू खूष, मी खूष. शेटला कशाला..."

"हात लावू नको."

"लडकू, माझ्याकडं गिऱ्हाईक येनार न्हाय रे."

"मी दारू पितो आसं तू बोललास तवा माझं काय झालं?"

दामूनं पान्यासाठी पुढं केलेला हात मागं घेतला. लडकूला ठाऊक होतं: पाचर एकदा फिरवली की जगात पुरावा राहणार नाही. त्यानं लूमवरच्या एका कामगाराला शेटला बोलवायला पाठवलं. शेट शनिवारी बाजारात मेव्हण्याच्या दुकानात असायचा. त्या नटांच्या मापाचा हा एकच पाना होता, तो पट्ट्यात खोचून लडकू स्वतः एसटी स्टँडवर पळाला.

मैना पोरांना घेऊन कशेळीच्या गाडीपाशी उभी होती.

"चल, एक दाखवतो. मंग जा."

"काय दाखवतोस? बाटली कुठं लपवलीस ती?"

"आसली तं तीपन दिसंल."

ती आली. तिला वाटलं, दारूशिवाय माणूस असा घामाघूम पळत येणार नाही.

पंढरीशेट पांढऱ्या लेंग्या-सदऱ्यात उभा होता आणि जीपखाली जायला तयार नव्हता. "तुम्ही दोघं मिळून कायबी दाखवाल. मिस्त्री तुझा दोस्त."

"कालपत्तर त्यो मला बेवडा बोलत व्हता, शेट. कुठला दोस्त?"

मैनानं दोघांकडं बघितलं. पोरं बीमांवर बसवली, पदर खोचला आणि गोणपाटावर आडवी होऊन आत शिरली. शेटनं तोंड फिरवलं.

"कुठं लावू हात?" आतून आवाज आला. लडकूनं सांगितलं. थोड्या वेळानं ती बोलली, "ह्याची जाड कड माझ्या पायाकडं. त्याची डोक्याकडं. मिस्त्री, आशी भाकरी मी थापली आसती तं सासूनं तव्यासकट फेकली आसती."

बाहेर आली तेव्हा तिचा गाल काळा झाला होता.

"तू नवऱ्याचीच बाजू घेनार," शेट म्हणाला.

"शेट, ह्याची बाजू घ्यायची आसती तं पोरं आनि बोचकं घेऊन कशेळीला निगाले आसते काय?"

शेटनं सदरा काढून दामूच्या हातात दिला आणि बनियनवर आत गेला. बाहेर आला, हात गोणपाटाला पुसले आणि दामूला म्हणाला, "फिरव." शेट माफी मागणाऱ्यातला नव्हता. सदरा घालता घालता कामगाराला एवढंच बोलला, "जानूला निरोप दे. सोमवारी येऊ नको म्हनावं. खोट पाचरीत व्हती." निरोप बाजारातून जाणार होता. लडकूला तेवढं पुरे होतं.

दामूनं लूमवाल्याकडून बीम हलवून घेतले आणि या खेपेला पुढून शिरला. नट आवळून झाल्यावर लडकू आत गेला, दोन्हीकडं बोट लावून बघितलं आणि मगच किल्ली फिरवली.

मैना बोचकं घेऊन उभीच होती.

"घरी ना?" लडकूनं विचारलं.

"कशेळीला सोड. आईनं भात टाकला आसंल. उद्या दुपारी न्यायला ये."

पोरं मागं बसली, ती पुढं. कशेळीच्या रस्त्याला समोरून ट्रकामागून ट्रक येत होते. लडकूनं पन्नासवर नेली. स्टेअरिंग दोन बोटांत धरलं, तरी जीप रेघ आखल्यासारखी चालली. मैना ट्रकांकडं बघत नव्हती. ती त्याच्या हातांकडं बघत होती. खाडी दिसायला लागेपर्यंत तिनं नजर काढली नाही. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "उद्या येताना गाडी धुऊन आन. माझा भाऊ बघंल."