न विचारलेला एक प्रश्न

भोकरदनहून फोन आला तेव्हा मी शाळेत चाचणीचे पेपर तपासत होते. "मावशी सकाळी गेली, चहा घेता घेता," डॉ. सुमनताईंची भाची म्हणाली. त्याला आता पाच आठवडे झाले. आसपासच्या खेड्यांतल्या बायकांची डॉक्टर म्हणून ताईंबद्दल पुष्कळ जण चांगलं बोलतील. मला त्यांच्या एका चुकीबद्दल लिहायचं आहे, कारण त्या चुकीतूनच आमची मैत्री झाली.

शहाऐंशी साल असेल. मी जाफराबादजवळच्या खेड्यात शिक्षिका होते. थोरली दोन वर्षांची झाली होती आणि मला बाहेरून बी.ए.ला बसायचं होतं. इतक्यात दुसरं मूल नको होतं, पण सासूबाईंपुढं हे बोलायची सोय नव्हती. माझ्या जावेनं हळूच तिच्या गोळ्यांचं पाकीट दाखवलं. "मला बराबर लागू पडल्यात, तू बी ह्याच घे," ती म्हणाली. मला तसं करवेना. एस.टी.नं भोकरदन गाठलं. ताईंनी रक्तदाब मोजला. कावीळ झाली होती का, पाय सुजतात का, मिसरी-तंबाखू आहे का, अजून अंगावर पाजतेस का, असं बरंच विचारलं आणि जावेच्याच गोळ्या लिहून दिल्या.

दुसऱ्या महिन्यात फळ्यावर लिहिता लिहिता अर्धी अक्षरं दिसेनाशी झाली. डोळ्यापुढं चकाकत्या नागमोडी रेषा, हाताला मुंग्या, आणि थोड्या वेळानं डोकं फुटेल अशी कळ... दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ताईंपुढं बसले.

"हे आधी कधी व्हायचं?" त्यांनी विचारलं.

"वर्षातून एखाद्या वेळी, लग्नाआधीपासून. पण एवढं कधी न्हाई."

ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे मी त्या दिवशीच विचारायला पाहिजे होतं. न्हाई विचारलं. चूक माझी आहे."

पंचविशीतल्या एका मास्तरणीला डॉक्टर असं म्हणेल, हे मला खरंच वाटेना. त्यांनी गोळ्या तिथंच बंद केल्या आणि चिठ्ठी देऊन औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथं सगळं ठीक निघालं. परत आल्यावर ताईंनी नीट समजावलं. "गोळी वाईट न्हाई. तुझ्या जावेला ती चांगलीच आहे. पण डोकं दुखायच्या आधी जिच्या डोळ्यापुढं असं चमकतं, त्या बाईला या गोळीनं लकव्याचा धोका वाढतो. दुसऱ्या जातीची एक गोळी चालेल, पण ती इकडं मिळत न्हाई, आणि रोज ठरल्या वेळेलाच घ्यावी लागते. नाहीतर गर्भाशयात तांबी बसवता येईल. घाई न्हाई. तुला काय पाहिजे?"

मला काय पाहिजे, हे त्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं. शिकायचंय म्हणाले. नवऱ्याला घेऊन गेले, त्यांनीही सगळं ऐकून घेतलं, आणि तांबी बसवली. बी.ए. झाले, मग बी.एड. झाले, आणि आम्हाला हवी होती तेव्हा धाकटी झाली. सासूबाई वर्षभर रुसल्या, पुढं धाकटीला त्यांनीच वाढवलं.

पुढं बाजाराच्या दिवशी मी ताईंकडे थांबायला लागले. एखादी बाई शेजारणीचं पाकीट पुढं करून "हेच द्या" म्हणाली की ताई माझ्याकडे हात करायच्या. "या बाईंना मी एक गोष्ट विचारायची विसरले होते. तुम्हाला विसरणार न्हाई." स्वतःची चूक त्या वीस वर्षं अशी उघड सांगत राहिल्या, न लाजता. त्यांचं नाव कमी झालं नाही. बायका उलट लपवलेलं बोलायला लागल्या.

गेल्या आठवड्यात थोरलीचा नाशिकहून फोन आला. तिचं लग्न होऊन सहा महिने झालेत. गोळ्यांचं विचारायला ती तिथल्या दवाखान्यात गेली होती. "आई, त्यांनी डोकेदुखीचं विचारलंच नाही," ती म्हणाली. "मग मीच सांगितलं, तुझंही आणि माझ्याही डोळ्यापुढं तसंच चमकतं तेही... त्यांनी लिहिलेला कागद फाडला आणि मला परत बसायला सांगितलं."