कदम सरांचा 'ब्रोकन'चा तास

बोलताना कुणी अडखळलं की कदम सर तर्जनी वर करायचे. म्हणजे खाली बस. वर्ग असो, स्टाफरूम असो, नाहीतर त्यांचं स्वतःचं घर. इस्लामपूरच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवायचे आणि मी भूगोल. त्या बोटाचा मला मनापासून वैताग यायचा.

शिकवायचे मात्र झकास. 'ब्रोकन' शब्दाच्या वाक्प्रचारांचा तास त्यांच्या खास आवडीचा. 'ब्रोकन होम' म्हणजे पडकं घर नव्हे, आईबाप वेगळे झालेलं घर. 'ब्रोकन स्लीप' म्हणजे तान्ह्या पोराच्या आईची झोप, सारखी मोडणारी. मग 'ब्रोकन प्रॉमिस'चं उदाहरण मुलांनी द्यायचं. एकदा कवठे महांकाळकडचा, मेंढपाळाच्या घरातला बिरू उठला. "अंकल प्रॉमिस सायकल. नॉट गिव्ह." अर्थ अगदी नेमका. तरी बोट वर गेलं. बिरूनं नंतर वर्षभर इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नाही.

मी सरांशी भांडलो. पोराला अर्थ कळला होता, आणखी काय पाहिजे, असं विचारलं. चिडले की सर गावाकडचं बोलायचे. "गड्या, साताऱ्यात मुलाखतीला मी असंच तोडकंमोडकं बोललो हुतो. समोरची तिघं हसली. माझी पोरं कुणाम्होरं हसू करून घ्यायची न्हाईत. नीट येत नसंल तर गप बसावं." कळवळा खरा होता, पण औषध रोगापेक्षा वाईट.

निवृत्तीनंतर ते साताऱ्यात स्थायिक झाले. तिथं अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. उपचार करणाऱ्या बाईंनी बजावलं, चुकत का होईना, रोज बोला, हळूहळू येईल. सरांनी माझ्यासमोर एकदाच प्रयत्न केला. 'पाणी' म्हणायला गेले आणि भलतंच काहीतरी निघालं. त्यांनी ओठ मिटले ते मिटलेच. मी समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दिवसभर त्यांच्या तोंडाकडे बघत बसायच्या. सर खुणा करायचे, बोलायचे नाहीत. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. तसेच गेले.

दहाव्याला गेलो तेव्हा मला राहवलं नाही. काकूंपुढंच मी सरांच्या नावानं बोटं मोडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आवं, मला काय वाक्यं पायजे हुती व्हय?" त्या म्हणाल्या. "नुस्तं 'अगं' म्हणाले असते, तरी झालं असतं."