ओठ दिसले पाहिजेत

पोरगी तीन वर्षांची असताना तापात आमच्या हिचे कान गेले. तेव्हापासून ही ओठ वाचते. समोर एकच माणूस असला तर काही अडत नाही. पण चारजण एकदम बोलायला लागले की ती आमच्या तोंडाकडे बघते आणि आम्ही म्हणतो, "काही नाही गं, असंच." सगळ्यात जास्त मीच म्हटलंय. कंटाळा, दुसरं काय!

गेल्या वर्षी पोरीच्या लग्नाची बैठक ठरली आणि आठ दिवस आधी ही मोरीत घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. जागचं हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. डिलाईल रोडच्या चाळीतल्या आमच्या खोलीत तिची खाट मांडल्यावर पाहुण्यांना उभं राहायलाही जागा उरेना, म्हणून बैठक गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, भावाच्या खोलीत. मुलाकडच्यांना महिन्याभरात लग्न उरकायचं होतं. तेवढ्यात हिचा पाय टेकणार नव्हता.

"मला सोडून सगळं ठरवाल, आणि मग सांगाल, काही नाही गं, असंच," ती म्हणाली. लागलं मला ते.

फोनवर व्हिडिओ कॉल करून पाहिला. चित्र मध्येच थिजायचं, ओठ चार शब्द गिळायचे. मी जन्मभर चाळीचाळीतून टीव्हीची केबल ओढलेला माणूस. म्हटलं, हात्तिच्या! भावाच्या खोलीत जुना हँडीकॅम लावला, त्याचं चित्र, केबलवाले चढवतात तसं, एका डबीतून टीव्हीच्या चॅनलवर चढवलं आणि गॅलरीतल्या जुन्या केबलमधून आमच्या टीव्हीला पाठवलं. चित्र आलं. पडद्यावर मुंग्याही आल्या, आणि प्रत्येक नाकाशेजारी आणखी एक नाक.

"तोंडं दिसतात, ओठ दिसत नाहीत," ही म्हणाली. "शिरा पडो त्या वायरीवर!"

"बाईसाहेबांना थेटर पाहिजे थेटर!" मी भडकलो.

पोरगी शांतपणे म्हणाली, "बाबा, एकच कॅमेरा, एकच टीव्ही. मग चॅनलवर चढवता कशाला? सरळ पाठवा ना."

पोरीचं बरोबर होतं, हे जास्त झोंबलं. एका वायरीतून ढीगभर चॅनल पाठवायची माझी जन्माची सवय. मुकाट्याने डबी काढली. जुन्या केबलला खोलीखोलीसाठी फाटे फोडलेले होते, दुसरं नाक त्यातूनच यायचं; तीही सोडून दिली. नवी अखंड केबल ओढली, दोन्ही टोकांना पिना डाख देऊन बसवल्या. मग कॅमेऱ्यासमोर उभा राहून आवाज न काढता म्हणालो, "कटकटी बाई."

गॅलरीच्या त्या टोकाहून ओरडणं आलं, "कटकटी कोणाला म्हणता हो?"

इतकं हायसं वाटलं की मी भावाच्या खाटेवर बसलोच.

पाहुणे आले. कॅमेरा कशासाठी आणि ही ओठ कशी वाचते, ते मी आधीच सांगून टाकलं. पोहे झाले. तारखेचा विषय निघाला. मुलाच्या वडिलांनी पुढच्याच महिन्यातली तारीख काढली. तेवढ्यात मुलगा उठला, कॅमेऱ्यासमोर गेला आणि आवाज न काढता सावकाश काहीतरी बोलला. खोलीत कोणाला काही कळलं नाही. मी तडक गॅलरीतून आमच्या खोलीकडे पळत सुटलो.

ही डोळे पुसत हसत होती.

"काय म्हणाला?"

"काही नाही हो, असंच."

तिने मला दारातच चांगलं मिनिटभर ताटकळत ठेवलं.

"म्हणाला, आई, तुम्ही स्वतःच्या पायाने लग्नाच्या हॉलमध्ये आल्याशिवाय मी काही बोहल्यावर चढत नाही."