बोंडअळीला रकाना नाकारल्याची हकीकत

अर्जदार: मी स्वतः, बुलढाण्याच्या कचेरीबाहेर कडुलिंबाखाली बसणारा अर्जनवीस, शिक्षण नववी, अनुभव अफाट. पीडित: धाड गावाकडच्या एक कापूसवाल्या बाई. गैरअर्जदार: जिल्ह्याचा संगणक. साक्षीदार: समोरचा चहावाला. काळ: बीटी कापसालाही गुलाबी अळीने सोडले नाही तो हंगाम. नावे अब्रूखातर वगळली आहेत.

बाईंचा नुकसानभरपाईचा अर्ज मी ऑनलाइन अर्ज भरण्याच्या केंद्रावर बसून तिथल्या मुलाला सांगितला. 'नुकसानीचे कारण' या जागी मी घातलेली वाक्ये हायकोर्टातही शोभली असती. पडद्यावर ती सगळी उमटली. पुढे अर्ज परत आला: 'कारण नमूद नाही.'

"भाऊ, तुमी तं वाचून दाखवलं होतं मले! आता पेरणीले बियाणं कोठून आणू?"

आम्ही थेट संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या अभियंत्याकडे गेलो. त्याने उलगडा केला. प्रोग्राममध्ये अर्जाचा एक साचा असतो, त्याला क्लास म्हणतात. साच्यातल्या प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसमध्ये आपोआप एक रकाना तयार होतो. 'एकूण क्षेत्र' मात्र बेरजेने निघते, ते साठवायचे कशाला? म्हणून त्याच्या डोक्यावर 'याचा रकाना करू नये' असा शेरा होता. शेरा लागतो तो लगेच खालच्या ओळीला. बोंडअळीचा बोभाटा झाल्यावर कुणीतरी घाईने 'नुकसानीचे कारण' ही नवी ओळ नेमकी तो शेरा आणि 'एकूण क्षेत्र' यांच्या मधे घुसवली.

"म्हणजे शेरा कारणाला बसला?" मी विचारले.

"हो काका. पडद्यावर दिसते, पण साठत नाही."

"आणि एकूण क्षेत्र?"

"त्याले फुकटचा रकाना भेटला."

माझ्या अर्जात असे कदापि घडत नाही. माझा शेरा समासात असतो व समासातच राहतो.

त्याने शेरा एक ओळ खाली सरकवला. "झालं. आता नवे अर्ज बरोबर जातीन."

"आन् माहा?" बाई म्हणाल्या.

"मावशी, जे साठलंच नाही ते काढू कोठून? मुदतही संपली."

बाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली. किडकी बोंडे कीबोर्डभर पसरली. एकातून गुलाबी अळी वळवळत निघाली.

"हे घे कारण. साठव!"

अभियंता खुर्चीसकट मागे सरकला.

त्याच दिवशी मी कचेरीतल्या साहेबांना लिहिले. उत्तर नसल्याने येथे पुन्हा लिहितो: सबब, बाईंचे कारण नव्याने नोंदवून घ्यावे. वगळायचेच असेल तर मुदतीची अट वगळावी. काय केले ते पेरणीपूर्वी कळवावे, आणि तेही कागदावर. पडद्यावर दिसलेले उत्तर आम्ही ग्राह्य धरणार नाही.