सेक्रेटरींचे डास

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. एकदा दुपारी जिन्यात ते हवेत टाळ्या वाजवताना दिसले.

"डास वाढलेत, डास वाढलेत."

मला एकही डास दिसेना.

"आणि कोपऱ्यात वीज चमकते. कालपासून. वायरिंग बघायला हवं, वायरिंग."

मला शंका आली. म्हटलं, "काका, उजवा डोळा झाका बरं."

त्यांनी झाकला आणि डास गायब झाले!

त्यांना तसंच रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, "डोळ्याच्या पडद्याला चीर पडलीय. थांबला असतात तर पडदा सुटून नजर गेली असती." लगेच लेझर केलं. तेवढा वेळ काकांनी माझा हात सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात काळा चष्मा लावून ते दारोदार फिरले. प्रत्येकाला एकेक डोळा झाकायला लावून समोरच्या दारावरची पाटी वाचून घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना डाव्या डोळ्याने पाटीच दिसेना, नुसतं धुकं.

"अहो, सांगितलं का नाहीत?" काका ओरडले.

आजी म्हणाल्या, "मला वाटलं, डोंबिवलीची हवाच तशी!"