गुणाबाईचा लाल डोळा

सिंदेवाहीच्या धानाच्या फार्मावर गुणाबाईची नजर नावाजलेली होती. बियाण्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, एखादी परक्या जातीची लोंब दिसली, की धुऱ्यावरून, बांधावरूनच ती बोट दाखवायची. वीस वर्षं तिची रोजी या नजरेवर चालली होती.

१९८४च्या आषाढात तिचा डावा डोळा लाल झाला. डोळे आले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. डोळे आलेल्याच्या डोळ्यात पाहिलं की आपलेही येतात, म्हणून घरात कोणी तिच्याकडे मान वर करून बोलेना. नवरा दादाजी पाठमोरा बसून जेवायचा. पोळा गेला, दिवाळी गेली, लाली गेली नाही. आणि तो डोळा एकदाही कोणी नीट पाहिला नाही.

कार्तिकात डाव्या बाजूच्या तीन परक्या लोंबी तिच्याकडून सुटल्या. मागून येणारी सोबतीण मजूर बायनाबाई हसली, "काऊन वो गुणाबाई, मोहाची दारू पिऊन आली का?"

गुणाबाईने मागे वळून उजवा डोळा हाताने झाकून पाहिलं. समोरची बायनाबाई दिसली. तिच्या दोन्ही अंगांची बांधी नाहीशी झाली होती.

महिन्याभराने शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरलं. दारावरच्या कार्यकर्त्याने लाली दिसताच तोंड फिरवलं.

"डोये आले तुले, मावशी. लाइनीतून बाहेर हो. सगळ्यायले लावशीन."

"पाच महिने कोणाचे डोये येते का रे बापू? पाह्य तरी!"

तो पाहीना. आत डॉक्टर सामान आवरत होते. गुणाबाई रांगेची दोरी ओलांडून शिरली आणि टेबलासमोर बोटांनी पापणी ताणून उभी राहिली.

"चाल ना घरी!" दादाजी दारातून ओरडला. "लोकं हासून राह्यले."

डॉक्टरांनी विजेरी धरली. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर मुळ्यांसारख्या फुगलेल्या, वाकड्यातिकड्या शिरा. त्यांनी डोळ्यातला दाब मोजला. मग पुन्हा मोजला.

"बाई, हे डोळे येणं नाही. काचबिंदू आहे. डोळ्यातलं पाणी या शिरांवाटे निघून जातं. शिराच तुंबल्यात, पाणी आत अडून नजरेची नस दाबतंय. नागपूरला जा. उशीर नको."

"गेलेलं परत दिसन का?"

"नाही. उरलेलं राखायचं."

दादाजी घाईने म्हणाला, "धान चुरलं, मळणी झाली का जाऊ, सायेब. पंधरा दिवसाची तर गोष्ट आये."

"पंधरा दिवसानं किती उरन?" गुणाबाईने विचारलं.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. नागपूरच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. दादाजीने हात पुढे केला, पण ती गुणाबाईनेच घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली.

"तुमी धान चुरा," ती म्हणाली, आणि फाटकातून एसटी स्टँडकडे वळली.