गंगीबाईच्या नातीचा डबा

नवापूरच्या डोंगरपट्ट्यात आमचा पाडा आहे. तिथली शाळा दोन खोल्यांची. तिच्या पडवीत गंगीबाई गावित पोरांसाठी खिचडी शिजवायची. चूल पेटली की धूर सरळ वर्गात शिरायचा आणि कुंदन सर शिकवता शिकवता खिडकी लावून घ्यायचे.

जिल्ह्याला पैसा पुरत नाही, म्हणून कमी पटाच्या शाळा बंद होणार, असं गेल्या वर्षी कानावर आलं. आमच्या पोरांना नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जावं लागणार होतं, आणि पावसाळ्यात तो नाला मोठ्या माणसालाही ओलांडता येत नाही. गंगीबाई घरोघर फिरली. पोरं इथंच ठेवा, नाहीतर शाळा जाईल, असं तिनं प्रत्येक आईला बजावलं. शेजारची सुनिता आपल्या दोघा पोरांना आश्रमशाळेत घालणार होती. गंगीबाईच्या शब्दावर तिनं तो बेत सोडला.

गंगीबाईची स्वतःची नात रूथ मात्र रोज पिवळ्या गाडीत बसून नवापूरच्या इंग्रजी शाळेत जायची. मुलगा इमॅन्युएल तिकडं दुकानात कामाला, त्याचाच तो हट्ट. गंगीबाई कधी त्याच्या आड आली नाही. टाय लावून गाडीतून उतरणारी नात बघून तिला बरंच वाटायचं.

पट तपासायला तालुक्याहून साहेब येणार हे कळलं, तेव्हा बाहेर शिकणारी पोरं तेवढ्या दिवसापुरती इथं बसवा, असं सरांनी हळूच सुचवलं. गंगीबाईनं सुनिताच्या मुलीचा जुना गणवेश रूथला घातला आणि गाडीवाल्याला परत पाठवलं.

साहेबांनी फळ्यावर गणितं घातली. रूथनं सगळ्यांच्या आधी उत्तरं दिली, तसा सरांचा चेहरा जरा खुलला. मग जेवणाची सुट्टी झाली. पोरं ताटल्या घेऊन पडवीत बसली. रूथ वर्गातच राहिली आणि तिनं दप्तरातून डबा काढला.

तो डबा गंगीबाईनंच भरला होता. सकाळी रोजच्या सवयीनं पोळ्या लाटल्या, भाजी केली, झाकण लावलं. त्या दिवशी डबा द्यायचा नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

साहेबांनी विचारलं, "तू खिचडी नाही घेत?"

"आमच्या शाळेत डबा असतो," रूथ म्हणाली.

साहेब दारात आले. "मावशी, ही मुलगी कुणाची?"

गंगीबाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. सगळी पोरं तिच्याकडं बघत होती.

"माझी नात," ती म्हणाली.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी तिच्या हातची खिचडी खाल्ली, चांगली झालीय म्हणाले, आणि जेवण झाल्यावर एकेका मुलाला जवळ बोलावून तू रोज कुठल्या शाळेत जातोस ते विचारलं.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळांचं नवं वर्ष सुरू झालं, तेव्हा आमच्या शाळेला कुलूप होतं. पिवळी गाडी मात्र येतच राहिली. ती वाजली की गंगीबाई रूथला दारातूनच सोडायची, रस्त्यापर्यंत जायची नाही. रविवारी चर्चमध्येही ती सगळ्यांच्या मागं बसून प्रार्थना संपता संपता निघून यायची.

एका संध्याकाळी सुनिता घरी आली. आता ही बोलणार, म्हणून गंगीबाई खाली मान घालून बसली. पण सुनितानं आधी रूथची चौकशी केली, आणि मग जरा चाचरतच म्हणाली, "काकी, गाडीवाला तुमच्या ओळखीचा आहे. लांबच्या पुलावरून फिरून मोठ्या शाळेवरूनच जातो ना तो? माझ्या पोरांना मागं कुठं बसवून नेईल का? भाडं मी मजुरीतून देईन."

ती गाडी इंग्रजी शाळेच्या मुलांशिवाय कुणालाच घेत नाही. गंगीबाईनं एवढंच सांगायचं होतं. ती चहा ठेवते म्हणून आत गेली आणि सुनिता उठून जाईपर्यंत बाहेर आली नाही.